सोळा क्विंटलचं जॅकेट : स्वीडनहून तिरोड्यापर्यंत

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

तिरोड्याहून बोलतोय. सकाळचे साडेसहा झालेत आणि मागे गाडीचा आवाज येतोय तो मुंबई-हावडा लाइनचा. दर भागात येतो, त्यामुळे आता तुम्हाला सवय झाली असेल.

आजचा विषय एका ताईंच्या मेसेजवरून घेतलाय. त्या आपल्याच भागातल्या आहेत आणि पुढच्या वर्षी शिकायला स्वीडनला चालल्यात. त्यांनी विचारलं, "दादा, तुम्ही एकदा म्हणाला होतात की तुम्ही स्वीडनहून जॅकेट मागवलंय. तसं मी इथूनच मागवून ठेवू का? की तिथं जाऊन घेऊ? आणि एवढं महाग असतं ते खरंच तेवढ्या लायकीचं असतं का?"

ताई, उत्तर सरळ आहे आणि शेवटी देतो. पण त्याआधी माझी गोष्ट ऐका, कारण मी ते जॅकेट मागवलं त्यात माझे पैसे तर गेलेच, घरी बाबांसमोर मान खाली घालायचीही वेळ आली. ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितली नव्हती.

आधी थंडीचं बोलू. बाहेरच्यांना वाटतं विदर्भ म्हणजे ऊन. मे महिन्यात ते खरंच आहे. पण विदर्भातलं सर्वात कमी तापमान गोंदियात, ही बातमी हिवाळ्यात आपण पेपरात किती वेळा वाचतो! आठ-नऊ अंश. आता काश्मीरवाल्याला आठ अंशांचं काही वाटणार नाही. पण पहाटे पाच वाजता मोटरसायकलवर बसून तिरोड्याहून चोरखमारा गेटकडे निघा. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनमधून तलाव, त्यावरून येणारा वारा. मग आठ अंश म्हणजे काय ते कळतं. मी हिवाळ्यात नागझिऱ्यात पाहुण्यांना घेऊन जातो. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. सकाळच्या फेरीत उघड्या जिप्सीत चार तास बसायचं असतं. पाहुणे मुंबई-पुण्याचे, कधी बाहेर देशाचेही.

त्यातल्याच एका पाहुण्याच्या अंगावर मी ते जॅकेट पहिल्यांदा पाहिलं. शेवाळी रंग, खिसेच खिसे, छातीवर वेटोळं घालून बसलेल्या कोल्ह्याचा बिल्ला. मी दोन स्वेटर, वर रेग्झिनचं जॅकेट, कानाला मफलर असा बांधून घेतलेला. आणि तो माणूस एका पातळ दिसणाऱ्या जॅकेटात आरामात बसून फोटो काढत होता. मी विचारलं, त्यानं सांगितलं, स्वीडनची कंपनी आहे, फ्येलरेव्हन. म्हणजे बर्फाळ प्रदेशातला कोल्हा.

मग काय, रात्र रात्र मोबाइलवर तेच वाचत बसलो. वाचलेलं थोडं सांगतो, कारण ते खरंच ऐकण्यासारखं आहे.

ही फ्येलरेव्हन १९६० साली ओके नोर्डीन नावाच्या माणसानं काढली, उत्तर स्वीडनमधल्या अर्नशोल्ड्सविक गावात. सुरुवात पाठीवरच्या पिशवीपासून झाली. १९६६ मध्ये ग्रीनलंडला एक स्वीडिश मोहीम चालली होती. नोर्डीनकडे तंबूसाठी घेतलेलं एक जाड, घट्ट विणीचं कापड पडून होतं. तंबूला ते जड व्हायचं. त्यानं त्याचे कपडे शिवले आणि वर मेण घासलं, पॅराफिन आणि मधमाशीचं मेण मिसळून. वारा अडला, पाणी बऱ्यापैकी अडलं, आणि काट्याकुट्यात फाटेना. १९६८ मध्ये त्याचंच जॅकेट बाजारात आलं आणि तीच पद्धत आजही चालू आहे. मेण उतरलं की पुन्हा घासायचं आणि इस्त्री फिरवून जिरवायचं.

त्याहून जुनी गोष्ट नॉर्वेची. १८७७ साली हेली यूल हॅन्सन नावाचा जहाजाचा कप्तान होता. समुद्रावर भिजून भिजून कंटाळला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं मिळून लिननचं जाड कापड तेलात भिजवून त्याचे कपडे शिवायला घेतले. कुठलं तेल, सांगा? जवसाचं! तेच जवस, जे आपल्याकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीत उतेरा म्हणून फेकतात. आणि लिननचा धागा निघतो तोही त्याच जातीच्या झाडाच्या खोडातून. म्हणजे कापडही जवसाचं आणि त्यावरचं तेलही जवसाचं. आपण त्याची चटणी करून भाकरीबरोबर खाल्ली, त्यांनी त्याचा रेनकोट केला. हेली हॅन्सन कंपनी आजही चालू आहे.

आणि एक. १९३० च्या दशकात नॉर्वेतल्या एका सैनिकी अधिकाऱ्यानं मासे धरायच्या जाळ्यापासून बनियान केली. कारण एकच, जाळीच्या भोकांत अंगाजवळची गरम हवा अडकून राहते आणि घाम बाहेर पडतो. आपल्याकडचे ढिवरबांधव तलावावर जाळं टाकतात, ते पाहून मला दर वेळी ही बनियान आठवते.

या सगळ्यातून मुद्दा काय निघतो? तिकडचे लोक एका जाड कपड्यावर भिस्त ठेवत नाहीत. ते तीन थर घालतात. अंगाला चिकटून पातळ लोकरीचा थर. मेरिनो मेंढीची बारीक लोकर, ती टोचत नाही. त्यावर ऊब धरणारा थर, म्हणजे स्वेटर किंवा फ्लीस. आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं पातळ कवच. ऊब मधल्या हवेत असते आणि वरचं कवच ती हवा उडून जाऊ देत नाही. त्या पाहुण्याचं जॅकेट पातळ होतं ते यामुळे. आत काय घातलंय ते मला दिसलंच नव्हतं! आपण काय करतो? आत सुती बनियान घालतो, ती घामानं ओली होते आणि अंगालाच थंड करते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओल पिते, तरी हाताला ओली लागत नाही.

हे मला आज कळतं. तेव्हा कळत असतं तर मी बनियान मागवली असती. मी जॅकेट मागवलं.

आता हिशेब सांगतो, कागद-पेन घ्या. ही गोष्ट २०२३ च्या जानेवारीची.

स्वीडनमधल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर जॅकेट होतं २,५०० क्रोनरला. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, तिन्हीकडे विक्रीकर २५ टक्के, आणि दाखवलेल्या किमतीत तो धरलेला असतो. माल देशाबाहेर जात असेल तर बरीच दुकानं तो कर वजा करतात. माझा झाला. २,५०० चे २,००० झाले. मी खूश! तेव्हा क्रोनर साधारण आठ रुपयांचा होता, म्हणजे १६,०००. पाठवणीचे ३०० क्रोनर, म्हणजे २,४००. एकूण १८,४००. मी म्हटलं, दोन सीझनच्या बक्षिसीचे पैसे साठलेत, चालतंय.

पंधरा दिवसांनी कुरियरवाल्यांचा मेसेज. आधार कार्ड द्या, आणि कस्टम ड्यूटी भरा, १४,२२० रुपये.

मला वाटलं फसवणूकच आहे. तशी फसवणूक चालतेही, म्हणून सांगून ठेवतो. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरायचे नाहीत. दुकानानं दिलेला पार्सल नंबर कुरियरच्या मूळ वेबसाइटवर आपल्या हातानं टाकायचा आणि तिथं काय दिसतं ते पाहायचं. मी पाहिलं. आकडा खरा होता.

कसा आला तो आकडा? व्यक्तिगत वापरासाठी टपालानं किंवा कुरियरनं आलेल्या वस्तूवर तेव्हा ३५ टक्के मूळ ड्यूटी होती. ती नुसत्या जॅकेटवर लागत नाही, जॅकेट अधिक पाठवणी अशा पूर्ण १८,४०० वर लागते. झाले ६,४४०. त्या ड्यूटीवर १० टक्के अधिभार, ६४४. आता हे सगळं एकत्र करा, २५,४८४. त्यावर २८ टक्के जीएसटी, ७,१३६. एकूण १४,२२०. म्हणजे करावर कर. शंभरामागे सव्वासत्त्याहत्तर रुपये. वरून कार्डवाल्या बँकेनं परदेशी व्यवहाराचे साडेतीन टक्के लावले ते वेगळे. पार्सल हातात पडेपर्यंत जवळजवळ साडेतेहेतीस हजार झाले.

हे दर त्यानंतर बदललेत. अर्थसंकल्प आला की बदलतात. म्हणून माझा आकडा पाठ करू नका, पद्धत लक्षात ठेवा. ऑर्डर देण्याच्या दिवशी दर बघा, किमतीत पाठवणी मिळवा, मग टक्के लावा. आणि कुणी म्हणेल, भेट म्हणून पाठवायला सांगू, ड्यूटी लागणार नाही. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सोडली.

पार्सल उघडलं. कापड बघून जीव हरखला. घातलं, तर बाह्या बोटांच्या खाली! आपल्याकडे मला 'एल' बसतो म्हणून तिकडचा 'एल' मागवला होता. तिकडचे लोक उंच, त्यांचे हात लांब. बऱ्याच युरोपी कपड्यांवर पुरुषांचा माप-नंबर असतो, ४८, ५०, ५२. तो सेंटिमीटरमधल्या छातीच्या निम्मा. छाती ९६ असेल तर ४८ नंबर. टेलरचा टेप घेऊन दोन मिनिटं मोजलं असतं तर कळलं असतं. परत पाठवायचं तर पाठवणी माझ्या खिशातून, आणि भरलेली ड्यूटी परत मिळवायला जे कागद लागतात ते वाचूनच मी लॅपटॉप बंद केला.

आता घरचं सांगतो.

आमची शेती थोडी आहे. बाबा उन्हाळी धान लावतात. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हे टाकायचे, मग चिखलणी, रोवणी. पाणी पंपाचं. आणि पंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाबा बारा-एक वाजता उठतात, अंगावर जुनी शाल, डोक्याला दुपट्टा, हातात टॉर्च आणि काठी. पाणी बांधीत नीट उतरतंय का, धुरा फुटला का, ते बघत अनवाणी फिरतात. वय साठच्या पुढे. त्या वर्षी त्यांचा खोकला महिनाभर थांबला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडीत निघू नका. ते हो म्हणाले आणि त्याच रात्री निघाले.

पार्सल आलं त्या दिवशी आईनं विचारलं, किती लागले. मी आधी टाळलं, मग सांगितलं. आई काही बोलली नाही. बाबा पाटावर बसून जेवत होते. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २,०४० रुपये क्विंटल होता. म्हणाले,

"सोळा क्विंटल धान अंगावर घालून फिरशील का रे बाबू?"

रागानं नाही म्हणाले. हसतच म्हणाले. म्हणून जास्त लागलं. सोळा क्विंटल म्हणजे आमच्या एका एकराचा माल, आणि त्यातून खत-मजुरी वजाच केलेली नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, मला मोठं होते. तुम्हीच घाला."

"मले कायले? चिखल लागन त्याले."

दोन दिवस ते जॅकेट खुंटीवर लटकत राहिलं. मी घालायला लाजत होतो, बाबा हात लावत नव्हते. तिसऱ्या रात्री त्यांचा खोकला फार वाढला. साडेबाराला ते उठले तेव्हा मी म्हटलं, आज मी जातो. आणि ते जॅकेट घालून गेलो.

मंडळी, खरं सांगतो, जॅकेट चांगलं होतं. वारा आत येत नव्हता. पहिला अर्धा तास मला वाटलं, पैसे वसूल. पण एका ठिकाणी धुरा फुटला होता. चप्पल काढून बांधीत उतरलो. चिखल घोट्याच्या वर. दहा मिनिटांत पाय असे बधिर झाले की बोटं आहेत की नाहीत कळेना. वर सोळा क्विंटलचं जॅकेट आणि खाली उघडे पाय! तिथं उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की इतकी वर्षं बाबा हे करतात आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही, थंडी कुठं वाजते. मी पाहुण्याला रोज विचारतो, ब्लँकेट देऊ का म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि गमबूट आणले. पाचशे-सहाशे रुपयांचे. सोबत लोकरीचे मोजे. बाबांनी काही न बोलता घातले. शेतात सापाचीही भीती कमी झाली, हे आई म्हणाली. आणि रात्रीचा आठवडा तेव्हापासून आम्ही वाटून घेतो. एक रात्र ते, एक रात्र मी. हे जॅकेट न मागवताही करता आलं असतं, हे मला कळतं.

बरं, मग तिकडचे कपडे घ्यायचेच नाहीत का? तसं नाही. त्यानंतर मी शहाणपणानं काय केलं ते सांगतो.

पहिलं, मधला थर परदेशातून घेत नाही. स्वेटर आपल्या जिल्ह्यातच चांगला मिळतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडकडे १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोरग्येलिंग. स्वेटर विकणं हा तिबेटी वसाहतींचा हिवाळ्यातला मोठा धंदा. माल बहुतेक लुधियानाचा, पण निवडलेला असतो आणि किंमत आपल्या आवाक्यातली.

दुसरं, वरचं कवच गावातच करून पाहिलं. टेलरकाकांकडून घट्ट विणीच्या पॉलिस्टर-कॉटन कापडाचं जॅकेट शिवून घेतलं, माझ्या मापाचं. पॅराफिनच्या मेणबत्त्या आणि थोडं मधमाशीचं मेण, नऊला एक, मंद आचेवर भांड्यात भांडं ठेवून वितळवलं, साबणाच्या वडीसारखं थापलं, कापडावर घासलं आणि जुन्या इस्त्रीनं जिरवलं. आईची चांगली इस्त्री घेऊ नका, मी घेतली होती. धुवाधार पावसात टिकत नाही, पण पहाटेचं दव आणि वारा झकास अडवतं.

तिसरं, अंगाजवळचा लोकरीचा थर. हा मात्र तिकडचा घ्यावा असं माझं मत झालंय. माझी मावसबहीण स्वीडनला गोथेनबर्गमध्ये असते. तिचा मुलगा तिथल्या बालवाडीत जातो. ती सांगते, पाऊस असो, बर्फ असो, मुलांना रोज बाहेर खेळायला नेतात, आणि पालकांना कपड्यांची यादीच दिलेली असते. मुलं वाढतात, कपडे लहान होतात, म्हणून तिकडे जुने कपडे विकत घ्यायला कुणी लाजत नाही. मिरोर्ना नावाची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, ट्रादेरासारखी लिलावाची वेबसाइट आहे. तिनं तिथून दोन लोकरीचे अंगरखे घेतले, जवळजवळ नवे, आणि भारतात येताना बॅगेत घालून आणले. प्रवाशाला सोबत आणायच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत ड्यूटी माफ असते. २०१६ च्या नियमांत ती मर्यादा पन्नास हजार होती. येणाऱ्यानं त्या वेळची मर्यादा बघून घ्यावी. एक अंगरखा बाबांना दिला. ते तो जुन्या सदऱ्याच्या आत घालतात, म्हणून चिखलाचं भय नाही. खोकला अजून आहे, पण महिनाभर टिकत नाही.

अजून एक गोष्ट. नावावर जाऊ नका, आतलं लेबल वाचा. स्कॅन्डिनेव्हियन म्हणून विकलं जाणारं बरंच काही व्हिएतनाम किंवा चीनमध्ये शिवलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण लोकर किती टक्के आणि शिवण कशी हे बघायचं. स्वीडनच्या अस्टरसुंदमध्ये वुलपॉवर म्हणून कंपनी आहे, ती तिथंच शिवते आणि प्रत्येक कपड्यावर शिवणाऱ्या बाईचं किंवा माणसाचं नाव असतं. मला ते फार आवडलं. आपल्या टेलरकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझं नाव आहेच की. बिघडलं तर लोक घरी येतात."

आणि कुणाला वाटत असेल की असले कपडे, असली थंडी आपल्या पोरांसाठी नाही, तर २०१८ चा मे आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं मिशन शौर्यमधून एव्हरेस्टच्या माथ्यावर गेली. ४५ अंशांत वाढलेली मुलं! म्हणजे थंडी आपल्याला झेपत नाही असं काही नाही. काम काय आहे ते पाहून कपडा घेतला की झालं.

तर ताई, तुमचं उत्तर. इथून मागवू नका. ड्यूटी इथं भरून तोच कपडा पुन्हा तिकडेच घेऊन जाणार, त्याला काय अर्थ? इथून दोन चांगले स्वेटर आणि मोजे न्या, पहिला आठवडा निघेल. तिथं पोचल्यावर आधी लोकरीचा आतला थर घ्या, मग बूट घ्या, आणि जॅकेट सगळ्यात शेवटी, जुन्या वस्तूंच्या दुकानात, अंगावर घालून बघून. बाह्या बघा! आणि सुट्टीत घरी येताना आई-बाबांसाठी काय आणू असं वाटलं, तर फोनवर आधी विचारा, थंडी कुठं वाजते.

माझं जॅकेट अजून खुंटीवर आहे. बाह्या टेलरकाकांनी दोन इंच आत घेतल्यात. रात्री ज्याची पाळी, त्यानं ते घालायचं, असं ठरलंय. काल बाबांची पाळी होती. सकाळी पाहिलं तर डाव्या बाहीला चिखल लागला होता, आणि कुणी काही बोललं नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे थंडीसाठी काय जुगाड करतात ते कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. काळजी घ्या. नमस्कार.